धातूची भुकटी आणि सरकारची सनद

कापूस पिकविणाऱ्या मुलखाला पेटंटाचे मर्म समजावून देण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. राळेगाव, कळंब, हिंगणघाट या पट्ट्यात हंगाम सुरू होऊन जिनिंगच्या फाटकांपुढे कापसाच्या गाड्या लागल्या म्हणजे सरकीपासून रुई सोडविण्याचे जे काम रात्रंदिवस चालते, त्या कामाच्या यंत्राचा इतिहास हा पेटंटाच्या इतिहासातीलही एक ठळक अध्याय आहे. अमेरिकेत एली व्हिटनी याला त्याच्या दातेरी जिनाबद्दल १४ मार्च १७९४ रोजी पेटंट मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी तेथील विधिमंडळाने, अर्ज नीट तपासून मगच पेटंट देण्याची १७९० सालची पद्धत मोडीत काढून, जो शुल्क भरील त्याचा अर्ज नोंदून घ्यावा आणि खऱ्याखोट्याचा निवाडा पुढे न्यायालयांनी करावा, असा वरकरणी सुटसुटीत दिसणारा कायदा केला होता. त्या सुटसुटीतपणाचे फळ व्हिटनीला तेरा वर्षे भोगावे लागले. १७९६ साली हॉजेन होम्स याने तशाच तऱ्हेच्या जिनाचे पेटंट स्वतःच्या नावे घेतले. व्हिटनी आणि त्याचा भागीदार फिनीअस मिलर १७९७ साली पहिला खटला हरले. आणि १८०७ साली जेव्हा न्यायालयाने व्हिटनीचा हक्क मान्य केला, तेव्हा चौदा वर्षांच्या त्या हक्काची मुदत सरत आली होती. अखेर १८३६ साली अमेरिकेने पूर्वतपासणीची पद्धत पुन्हा अंगीकारली, आणि त्यानंतर चार वर्षांनी फोन्स मॅकार्थी याला ज्या रोलर जिनाचे पेटंट मिळाले, त्याचाच वंश आज आपल्याकडील डबल रोलर जिनांच्या रूपाने नांदत आहे.

हा जुना दाखला देण्याचे कारण असे की, पेटंटाच्या अर्जाची तपासणी ही कचेरीतील एक कंटाळवाणी औपचारिकता असून ती जितकी लवकर उरकेल तितका देश पुढे जाईल, असा समज सध्या सुशिक्षितांतही बळावत चालला आहे. आणि ज्या नव्या शिल्पांच्या बाबतीत हा समज सर्वांत अधिक अनर्थ करील, त्यांत लेझरच्या साहाय्याने धातूच्या भुकटीपासून थरावर थर चढवून वस्तू घडविण्याची कला अग्रभागी आहे. या कलेतील अर्जांचे परीक्षण रेंगाळू नये हे खरे, परंतु ते कठोर असले पाहिजे; आणि ही कठोरता बड्या कारखानदारापेक्षा राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी लेथ चालविणाऱ्या कारागिराच्या अधिक हिताची आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम ही कला काय आहे ते पाहू. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात आर्गॉन किंवा नायट्रोजन वायूने भरलेल्या बंद पेटीत धातूची अतिसूक्ष्म भुकटी, जिचे कण सामान्यतः १५ ते ४५ मायक्रॉन व्यासाचे असतात, एका पाटावर जेमतेम ३० ते ६० मायक्रॉन जाडीच्या थरात पसरली जाते. संगणकातील आराखड्याबरहुकूम लेझरचा किरण त्या थरावरून फिरून हवा तेवढाच भाग वितळवितो. मग पाट एका थराइतका खाली सरकतो, वर पुन्हा भुकटी पसरते, आणि हा क्रम वस्तू पूर्ण होईपर्यंत चालू राहतो. थराची जाडी ४० मायक्रॉन धरली, तर चाळीस मिलिमीटर उंचीच्या लहानशा वस्तूसाठीही असे एक हजार थर द्यावे लागतात. दुसऱ्या प्रकारात भुकटी नळीवाटे थेट किरणाच्या टोकाशी फुंकली जाते, आणि त्यामुळे झिजलेल्या शाफ्टवर किंवा पात्याच्या धारेवर नवा धातू चढविता येतो. ही कला आता केवळ प्रयोगशाळेची राहिलेली नाही. ९ मे २०२४ रोजी इस्रोने महेंद्रगिरी येथे पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे जे इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले, ते याच पहिल्या प्रकाराने घडविलेले होते. पूर्वी जे चौदा भाग जोडून होत असे ते एकसंध झाले, एकोणीस सांधे नाहीसे झाले, आणि जेथे ५६५ किलो धातू लागत असे तेथे १३.७ किलो भुकटीत काम भागले. अशा शिल्पाच्या एखाद्या पद्धतीवर वीस वर्षांचा मक्ता मागणारा अर्ज जेव्हा सरकारदरबारी दाखल होतो, तेव्हा त्या मागणीचे मोल किती मोठे असते हे या आकड्यांवरून कळावे.

आता हा अर्ज कोणत्या वाटेने जातो ते पाहू. यवतमाळ जिल्ह्यातील अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे, म्हणजे अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनाकडे जातो. कारण महाराष्ट्राबरोबरच गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा हा सारा टापू त्याच कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. अर्जाबरोबर शोधाचे सविस्तर वर्णन करणारे विनिर्देशपत्र असते, आणि त्याच्या अखेरीस दावे असतात, म्हणजे नेमक्या कशावर मक्ता मागितला आहे त्याची कलमवार मांडणी असते. अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. परीक्षणाची विनंती मात्र अर्जदाराने वेगळी करावी लागते, आणि तिची मुदत मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी अठ्ठेचाळीस महिन्यांवरून एकतीस महिन्यांवर आणलेली आहे. त्यानंतर परीक्षक पूर्वज्ञानाचा धांडोळा घेऊन पहिला परीक्षण अहवाल तयार करतो. त्यातील हरकतींना अर्जदाराने सहा महिन्यांत उत्तर द्यावयाचे असते. आणि उत्तराने समाधान न झाल्यास नियंत्रकापुढे सुनावणी होऊन निकाल लागतो. १९७० च्या पेटंट कायद्याने परीक्षकाला तीन प्रश्न विचारावयास लावले आहेत: सांगितलेली गोष्ट नवी आहे काय, त्या कलेतील जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नव्हती काय, आणि ती उद्योगात उपयोगी पडते काय. याखेरीज चौथा प्रश्न कलम १० मध्ये दडलेला आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: अर्जदाराने आपली कृती आणि तिची त्याला ठाऊक असलेली सर्वोत्तम रीत पूर्णपणे उघड केली आहे काय?

धातूच्या भुकटीच्या अर्जात पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हेच मुळी कष्टाचे काम आहे, कारण या कलेची वंशावळ लोकांना वाटते त्याहून जुनी आहे. भुकटी शक्तिकिरणाने वितळवून वस्तू घडविण्याची कल्पना पिएर सिरो याने १९७० च्या दशकाच्या आरंभीच पेटंट अर्जात मांडली होती. रॉस हाउसहोल्डर याने १९७९ साली केलेल्या अर्जात थर पसरून ते उष्णतेने जोडण्याची रीत वर्णिली होती. आणि टेक्सास विद्यापीठातील कार्ल डेकार्ड याने १९८६ साली केलेल्या अर्जाला १९८९ मध्ये जे पेटंट मिळाले त्यातून या कलेचा धंदा उभा राहिला. धातूची भुकटी पूर्णपणे वितळवून भरीव वस्तू घडविण्याची रीत जर्मनीतील आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेच्या विल्हेल्म माइनर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये अर्जाच्या रूपाने नोंदविली. म्हणजे मूळ कल्पना आता कोणाच्याही मालकीची उरलेली नाही. तो आखेनचा शोध वीस वर्षांची मुदत संपून २०१६ च्या अखेरीसच सर्वांसाठी मोकळा झालेला आहे. आज जे अर्ज येतात ते या कल्पनेच्या आतील बारकाव्यांचे असतात: किरण कोणत्या क्रमाने फिरवावा, प्राणवायूचे प्रमाण किती खाली ठेवावे, कोणत्या मिश्रधातूला किती शक्ती द्यावी, नंतर भट्टीत वस्तू किती वेळ तापवावी. अशा बारकाव्यांत खरा शोध कोठे आणि नुसता फेरफार कोठे, हे ओळखण्यासाठी परीक्षकाला पेटंटांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी चाळणे पुरत नाही. ती वर्गवारीही २०२१ सालीच बदलली असून पूर्वी बी २२ एफ ३/१०५ या खणात असलेला हा विषय आता बी २२ एफ १० आणि १२ या नव्या खणांत विभागला गेला आहे. त्याला धातुशास्त्राची नियतकालिके, यंत्र विकणाऱ्यांची माहितीपत्रके, परिषदांतील निबंध आणि वेल्डिंगच्या कलेतील जुने ज्ञान हे सारे धुंडाळावे लागते, कारण किरणाने धातू वितळविणे ही गोष्ट वेल्डरला या कलेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

परंतु मोठी मेख आहे ती आकड्यांत. या कलेतील पुष्कळ अर्जांत शोधाचे सार एका राशीत बांधलेले असते, आणि ती राशी म्हणजे ऊर्जाघनता: लेझरची शक्ती भागिले किरणाचा वेग, दोन रेघांतील अंतर आणि थराची जाडी यांचा गुणाकार. समजा, शक्ती २०० वॉट, वेग सेकंदाला ८०० मिलिमीटर, रेघांतील अंतर ०.१ मिलिमीटर आणि थर ०.०४ मिलिमीटर आहे. तर ऊर्जाघनता दर घन मिलिमीटरला ६२.५ ज्यूल येते. आता शक्ती आणि वेग दोन्ही दुप्पट करा, म्हणजे ४०० वॉट आणि १,६०० मिलिमीटर, तरी उत्तर तेच ६२.५ येते. परंतु वितळलेल्या धातूच्या त्या लहानशा डोहात जे घडते ते सारखे राहत नाही: शक्ती वाढली की धातूची वाफ होऊन खोल भोक पडण्याचा आणि त्यात पोकळ्या अडकण्याचा धोका वाढतो, आणि उलट शक्ती फार कमी पडली तर थर एकमेकांत नीट मुरत नाहीत. तव्यावरची भाकरी आच कमी झाली तर कच्ची राहते आणि जास्त झाली तर करपते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही; पण विस्तव किती घातला आणि भाकरी किती वेळ ठेवली यांचा नुसता गुणाकार सांगून भाकरीची रीत सांगितली असे ती मानणार नाही. परीक्षकानेही मानू नये. अर्जदाराने जर ऊर्जाघनता ५० ते ८० असा दावा केला आणि प्रयोग मात्र एकाच शक्तीवर, एकाच मिश्रधातूचे, एकाच जाडीच्या थराचे दाखविले, तर त्या एका राशीच्या पोटात शक्ती आणि वेग यांच्या ज्या अगणित जोड्या बसतात त्या सर्वांवर मक्ता मागण्याचा त्याला काय अधिकार? जितके प्रयोगाने दाखविले तितक्याच मुलखावर सनद द्यावी. बाकीची जमीन ज्याने कसली नाही त्याच्या नावे सातबाऱ्यावर चढवू नये.

दुसऱ्या प्रश्नाबाबत, म्हणजे शोध जाणकाराला सहज सुचण्यासारखा होता की नाही याबाबत, आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला धडा धातूच्याच धंद्यातील आहे, ही या विषयाच्या दृष्टीने मोठी सोयीची गोष्ट होय. मिर्झापूरच्या एका भांड्यांच्या कारखान्याने लेथवर भांडी घासून चकचकीत करण्याच्या रीतीत सुधारणा केल्याचे पेटंट घेतले होते. पूर्वी भांडे लुकण लावून लेथला चिकटवीत असत आणि ते सुटून उडाले तर कारागिराला इजा होत असे, त्याऐवजी टोकाने दाबून धरण्याची योजना त्यांनी केली होती. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कारखान्यातील सामान्य कुशल कारागिराला नित्याच्या कामात सुचेल अशी सुधारणा, ती कितीही उपयोगी असली तरी, पेटंटास पात्र ठरत नाही. या निर्णयाकडे कारागिराविरुद्धचा निर्णय म्हणून पाहणे चूक होईल. तो कारागिराच्याच बाजूचा आहे. कारण ज्या युक्त्या कारखान्याच्या जमिनीवर रोज जन्माला येतात त्या एकाच्या तिजोरीत बंद न होता सर्वांच्या हाती राहाव्यात, हा त्याचा अर्थ आहे. १९७० च्या कायद्याच्या कलम १३ मधील चौथे पोटकलमही लक्षात ठेवण्यासारखे आहे: सरकारने अर्ज तपासला म्हणजे पेटंटाच्या वैधतेची हमी दिली असे होत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, तपासणी ढिसाळ झाली तर तिचा भार न्यायालयावर, आणि न्यायालयातून शेवटी प्रतिवादीच्या खिशावर पडतो.

कलम ३ मधील अपवादांच्या यादीत औषधांच्या संदर्भात गाजलेले ३(ड) हे पोटकलम आहे. २०१३ सालच्या नोव्हार्टिस खटल्यामुळे ते सर्वश्रुत झाले. परंतु त्याच पोटकलमाचा शेवटचा भाग, ज्ञात प्रक्रियेचा, यंत्राचा किंवा उपकरणाचा नुसता वापर हा शोध नव्हे, जोवर त्यातून नवे उत्पादन निघत नाही किंवा त्यात निदान एक नवा अभिक्रियाकारक वापरला जात नाही, हा धातूच्या भुकटीलाही तितकाच लागू पडतो, याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही. ज्ञात यंत्रात ज्ञात मिश्रधातू घालून, एका कारखान्याच्या नळीऐवजी दुसऱ्या कारखान्याचा झडपेचा भाग घडविला, एवढ्यावर जर सनदा मिळू लागल्या, तर त्या यंत्राने घडविता येणाऱ्या प्रत्येक वस्तूभोवती कुंपण उभे राहील. २००५ पर्यंत आपल्या कायद्यात मिश्रधातू या पदार्थावरच पेटंट मिळत नसे, फक्त तो तयार करण्याच्या पद्धतीवर मिळे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो निर्बंध गेला, आणि म्हणून आता भुकटी, पद्धत, यंत्र आणि घडलेली वस्तू अशा चारही अंगांनी मक्ता मागता येतो. कुंपणाच्या बाजू वाढल्या म्हणजे पहारेकऱ्याची जबाबदारीही वाढते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. परीक्षणाच्या वेळी मेजाच्या एका बाजूस अर्जदार आणि त्याचा वकील असतो, दुसऱ्या बाजूस परीक्षक असतो, आणि ज्याच्यावर या व्यवहाराचा खरा परिणाम होणार तो तिसरा पक्ष तेथे हजर नसतो. राळेगावातील एखाद्या वर्कशॉपचा मालक पुढे चार-पाच वर्षांनी बँकेचे कर्ज काढून भुकटी फुंकणारे लेझरयंत्र आणील, जिनाच्या झिजलेल्या पात्यांना आणि शाफ्टना धातू चढवून देण्याचे काम करील, ही कल्पना आज खर्चाच्या दृष्टीने दूरची वाटली तरी अशक्य कोटीतील नाही. त्या दिवशी कलम ४८ त्याच्या दारात उभे राहील, कारण पद्धतीवर पेटंट असले म्हणजे त्या पद्धतीने थेट तयार झालेल्या वस्तूची विक्रीही पेटंटधारकाच्या परवानगीवाचून करता येत नाही; आणि कलम १०४ अ नुसार, काही अटी पूर्ण झाल्या तर, आपण ती पद्धत वापरली नाही हे सिद्ध करण्याचा बोजा न्यायालय प्रतिवादीवरच टाकू शकते. ज्याच्यापाशी वकील लावण्याची ऐपत नाही त्याला हा बोजा पेलणार नाही. तो धंदाच सोडून देईल. त्याच्या वतीने प्रश्न विचारणारा एकच माणूस या साऱ्या प्रक्रियेत आहे, आणि तो म्हणजे परीक्षक. म्हणून परीक्षकाची कठोरता ही अर्जदारावरील कुरघोडी नसून अनुपस्थित जनतेची वकिली आहे.

पेटंटातील संदिग्धता मुलखाला किती महाग पडते, हे विदर्भाने कपाशीच्या बियाण्याच्या बाबतीत अनुभवलेच आहे. बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्या तंत्रज्ञानाशी निगडित पेटंट क्रमांक २१४४३६ हे २००८ साली मिळाले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते एप्रिल २०१८ मध्ये रद्दबातल ठरविले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून प्रकरण पुराव्यानिशी चालविण्यासाठी परत पाठविले. एका सनदेचे क्षेत्र नेमके किती, कायद्याने ती देता येत होती की नाही, याचा निर्णय होईपर्यंत शेतकऱ्याच्या शिवारात सोळा-सतरा हंगाम उलटून गेले होते. त्या वादात कोणता पक्ष बरोबर होता हे ठरविण्याचा येथे हेतू नाही. प्रश्नाचा निकाल दारातच लागला असता तर बरे झाले असते, एवढेच म्हणावयाचे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. परीक्षण कठोर केले म्हणजे ते लांबेल. लांबले म्हणजे भांडवल थांबेल. आणि बड्या कंपन्या वकिलांच्या फौजा उभ्या करून त्यातून पार पडतील, मरेल तो लहान संशोधक. शिवाय सरकारने गेल्या दहा वर्षांत परीक्षकांची संख्या वाढवून जी गती आणली आहे ती काय वाया घालवावयाची? २०१३-१४ साली या देशात ४,२२७ पेटंटे मंजूर झाली होती, २०२३-२४ साली हा आकडा एक लाखाच्या वर गेला, आणि हा फरक कौतुकास पात्र आहे यात शंका नाही. तथापि गती आणि कठोरता यांत विरोध आहे हेच मला मान्य नाही. अर्जदाराला सहा वर्षे ताटकळत ठेवून शेवटी काहीही मंजूर करणारे कार्यालय मंद असूनही ढिले असते. आणि सहा महिन्यांत नेमका प्रश्न विचारणारे कार्यालय जलद असूनही कडक असते. लहान संशोधकाबाबत म्हणाल, तर ज्याने स्वतः यंत्रापाशी उभे राहून प्रयोग केले त्याला प्रयोगांचा तक्ता जोडणे जड जात नाही; जड जाते ते ज्याने दोन-तीन प्रयोगांवर सारा प्रदेश बळकावण्याची हाव धरली त्याला. व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योग यांना शुल्कात मोठी सवलत आहे, अर्जाचे १,६०० आणि परीक्षणाचे ४,००० रुपये एवढ्यावर त्यांचे भागते, आणि नवउद्योग व लघुउद्योग यांना जलद परीक्षणाचा मार्गही मोकळा आहे. त्या सवलती राहाव्यात, वाढाव्यात. ज्ञानाच्या परीक्षेत मात्र सवलत नसावी.

कठोरता कोठे नसावी हेही सांगितले पाहिजे, आणि त्यासाठी याच कलेच्या इतिहासातील एक दुःखद प्रकरण पुरेसे आहे. जपानमधील नागोया येथे हिदेओ कोदामा याने १९८० साली प्रकाशाने थरावर थर घट्ट करून वस्तू घडविण्याच्या रीतीबद्दल अर्ज केला. परंतु पुढील आवश्यक कार्यवाही मुदतीत न झाल्यामुळे त्याचा हक्क बुडाला, आणि चार वर्षांनी, ऑगस्ट १९८४ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हल याने केलेल्या अर्जावर त्या कलेचा सारा व्यापार उभा राहिला. शोध खरा होता, नवा होता, आणि तरीही तो तारखेच्या फटीतून खाली पडला. आपल्याकडे परीक्षणाच्या विनंतीची मुदत एकतीस महिन्यांवर आली आहे. दुसऱ्या पक्षांची अनिश्चितता लवकर संपावी या दृष्टीने ते योग्य आहे, परंतु तालुक्याच्या ठिकाणच्या अर्जदाराला परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते ही गोष्टच ठाऊक नसते. मुदतीबाबत उदार आणि ज्ञानाबाबत कठोर, असा हा क्रम असला पाहिजे. आपल्याकडील कचेऱ्यांची सवय पुष्कळदा याच्या उलट असते.

मग काय करावे? पहिली गोष्ट, मंजुरीपूर्वी हरकत घेण्याचा जो अधिकार कलम २५ ने कोणत्याही व्यक्तीला दिला आहे तो जिवंत ठेवावा. २०२४ च्या नियमांनी अशा हरकतीस शुल्क लावले आणि ती ऐकण्यायोग्य आहे की नाही हे आधी ठरविण्याची पायरी घातली. खोट्या हरकती थांबविण्याचा हेतू समजण्यासारखा असला तरी शासकीय तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांना हे शुल्क माफ असावे. यवतमाळच्या तंत्रनिकेतनातील धातुकामाच्या अध्यापकाला एखाद्या प्रसिद्ध झालेल्या अर्जात जुनीच युक्ती नव्या शब्दांत मांडलेली दिसली, तर ते कळविण्यासाठी त्याने स्वतःच्या खिशातून पैसे का भरावेत?

दुसरी गोष्ट नागपूरची. पेटंटविषयक माहितीचे केंद्र केंद्र सरकारने १९७५ सालीच नागपुरात स्थापन केले, आणि परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थाही तेथेच आहे. राळेगावाहून वडकीला हमरस्ता गाठला की हिंगणघाट आणि बुटीबोरीमार्गे नागपूर काही तासांच्या आत येते. पण या संस्थेची वाट विदर्भातील किती वर्कशॉपवाल्यांनी पाहिली आहे? ज्या शहरात देशाचे परीक्षक घडतात त्याच शहराच्या आसमंतात पेटंट वाचता येणारे कारागीर नसावेत, हा विरोधाभास दूर करणे त्या संस्थेच्या हाती आहे. मुदत संपलेली पेटंटे हा फुकट मिळणारा, पडताळून पाहिलेला ज्ञानसाठा आहे. आखेनच्या १९९६ सालच्या अर्जासारख्या निवडक दस्तऐवजांचे मराठी सारांश करून ते औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकविले गेले, तर आजवर परकीय भाषेतील कागदांत अडकून राहिलेली विद्या विदर्भातील वर्कशॉपांच्या खऱ्याखुऱ्या उपयोगी पडू लागेल.

तिसरी आणि सर्वांत तातडीची गोष्ट नियंत्रकांच्या अखत्यारीतील आहे, आणि तिच्यासाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही. जैवतंत्रज्ञानाच्या अर्जांच्या परीक्षणासाठी २०१३ साली, औषधांच्या अर्जांसाठी २०१४ साली आणि संगणकाशी निगडित शोधांसाठी २०१७ साली या कार्यालयाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तशीच तत्त्वे धातूच्या भुकटीच्या या कलेसाठीही प्रसिद्ध व्हावीत, आणि त्यांत निदान एवढे स्पष्ट असावे: ऊर्जाघनतेसारख्या एकाच राशीवर बांधलेला दावा शक्ती, वेग, रेघांतील अंतर आणि थराची जाडी यांच्या स्वतंत्र मर्यादा सांगितल्याविना स्वीकारला जाणार नाही, भुकटीच्या कणांचे माप, पेटीतील प्राणवायूचे प्रमाण आणि किरणाचा मार्ग विनिर्देशपत्रात दिलेला असेल, आणि जेथे प्रयोग फसले त्या मर्यादाही नोंदविलेल्या असतील, कारण कोणत्या आकड्यापलीकडे वस्तू तडकते हे सांगितल्याशिवाय कृती पूर्णपणे उघड झाली असे म्हणता येत नाही. मुंबई कार्यालयातील परीक्षकाने असा तक्ता मागितला तर खऱ्या संशोधकाला तो देण्यास एक आठवडाही लागणार नाही, आणि ज्याला तो देता येत नाही त्याला सनद नाकारल्याने देशाचे काही अडणार नाही.